सरकटे सर आणि त्यांचे पाद्रीबाबा

झेरॉक्स काढून झाल्यावर ती मूळ कागदाशी ओळीओळीनं ताडून पाहणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे? मी रोज पाहते. अमडापूरच्या स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, आणि सरकटे सर हे माझं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात चिकट गिऱ्हाईक. साध्या आधार कार्डाची झेरॉक्स असली तरी सर स्टूल ओढून बसणार, डाव्या हाताचं बोट मूळ कार्डावर, उजव्या हाताचं झेरॉक्सवर, आणि दोन्ही बोटं बरोबरीनं सरकवत पुटपुटत वाचणार. मागं लोक खोळंबतात. कोणाला चिखलीची बस धरायची असते, कोणाला बँक गाठायची असते. सरांना त्याचं काही नाही.

"सर, ते मशीन आहे," मी म्हणते. "मशीन चुकत नाही."

"तेच तं वांधे हायेत ना, वैशाली. चुकत नाही म्हणून काही कयतबी नाही. माणूस हातानं उतरून काढे तवा चुके, अन् चुके म्हणून समजे का त्यानं कोणाचं पाहून काढलं. तुह्या मशीननं विद्येचा धंदा बसोला."

सर आमच्याच शाळेत इंग्रजी शिकवायचे. उंच, काटकुळे, पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला एक निळं आणि एक लाल पेन. रिटायर होऊन जमाना झाला, तरी लाल पेन सुटलं नाही. लग्नाच्या पत्रिका, हॉटेलचे बोर्ड, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, जे दिसेल ते तपासतात. स्वतःचं लग्न केलं नाही, म्हणून निदान दुसऱ्यांच्या पत्रिका तरी नीट छापल्या जाव्यात असं त्यांना वाटत असावं.

शाळेत त्यांची कॉपी पकडण्याची रीत जगावेगळी होती. बाकीचे मास्तर वर्गात फिरायचे, बाकाखाली वाकायचे. सर खुर्चीत बसून राहायचे आणि पेपर तपासताना चोर पकडायचे. दोघांचं उत्तर बरोबर आणि सारखं आलं, तर सर काही म्हणायचे नाहीत, कारण बरोबर उत्तर कोणालाही सुचू शकतं. दोघांची चूक सारखी आली की मात्र संपलं. माझा नवरा गजानन त्यांच्याच वर्गात होता. 'माझे कुटुंब' या निबंधात त्यानं इंग्रजीत लिहिलं की मला तीन भाऊ आहेत. गजानन एकुलता एक. तीन भाऊ होते ते पुढच्या बाकावरच्या पोराला. सरांनी निबंधाखाली लाल पेनानं लिहिलं, 'आईला अभिनंदन सांग.' माझ्या सासूबाई आजही हे सांगून पोट धरून हसतात.

ही अक्कल सरांना बी.एड.च्या कॉलेजात मिळालेली नाही. ती त्यांना एका इंग्रज पाद्र्यानं दिली.

झालं असं की सर नोकरीला लागले त्या सुमाराला चिखलीत एका रद्दीवाल्याकडे त्यांना एक इंग्रजी पुस्तक मिळालं. कव्हर गायब, शेवटची पानं गायब. शेवटच्या पानांत कोणाचे तरी शेंगदाणे बांधून गेले होते. ते एका पाद्र्याचं चरित्र होतं. राणीच्या काळातला, चर्च ऑफ इंग्लंडचा, बायबलचा मोठा पंडित. नाव पानोपानी आहे, पण इतकं आडमुठं की आमच्या कोणाच्या जिभेवर बसत नाही. म्हणून पाद्रीबाबा. सरांनी त्या पुस्तकाची इतकी पारायणं केली की त्यांच्या बोलण्यात पाद्रीबाबा एखाद्या चुलत्यासारखे येतात. "पाद्रीबाबाले थंडी सोसे नाही." "पाद्रीबाबाची बायको मोठी समजदार." आणि शेवटची पानं नसल्यामुळे पाद्रीबाबा सरांच्या लेखी अजून वारलेले नाहीत. मी एकदा म्हटलं, सर, एका मिनिटात मोबाईलवर काढून देते, कधी गेले, कशानं गेले. सर एकदम तडकले.

"कायले? तुले काय घाई झाली त्याईले मारायची?"

पाद्रीबाबांचं काम काय होतं, हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की मीही परीक्षा देऊ शकेन. छापखाने नव्हते तेव्हा बायबल हातानं उतरवून काढायचे. एकानं काढलं, त्याचं पाहून दुसऱ्यानं, त्याचं पाहून तिसऱ्यानं, अशी कित्येक शतकं. उतरवणारा माणूसच. कोणी पेंगला आणि ओळ गाळली. कोणी आपल्या सवयीचा शब्द घातला. कोणाला वाटलं हे वाक्य फार कडू आहे, त्यानं थोडं गोड केलं. असं करता करता कुठल्याच दोन प्रती एकसारख्या राहिल्या नाहीत. मग खरं मूळ काय होतं? पाद्रीबाबा एका लहानशा गावात चर्च सांभाळायचे. रविवारी प्रवचन द्यायचं, लग्नं लावायची, म्हाताऱ्यांची विचारपूस करायची, आणि उरलेला सगळा वेळ प्रती शेजारीशेजारी ठेवून ताडत बसायचं. कधी जहाजातून लांबच्या मठांत जायचं, तिथल्या जुन्या प्रती पाहायला. तिथले साधू लवकर दाराची कडी काढायचे नाहीत. सगळं आयुष्य त्यात गेलं. डोळे गेले. बायको मोठ्यानं वाचायची आणि हे ऐकून फरक सांगायचे.

सर हे सांगताना पाद्रीबाबांच्या बायकोपाशी आले की चष्मा पुसतात.

गावात या पाद्रीबाबांवरून एकदा चांगलाच घोळ झाला. सरांच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि टेबलावर रात्रंदिवस इंग्रज पाद्र्याचं पुस्तक. कोणीतरी बोलता बोलता उठवलं की सर ख्रिश्चन होऊन राह्यले. विहाराच्या कमिटीचे दोघं जण गंभीर चेहरे करून माझ्या दुकानात आले, कारण सर तिथंच सापडतात.

"सर, आपण धम्म सोडून चालले असं आयकलं."

"कोणाकडून आयकलं?" सर म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांना तुम्ही म्हणा की आज ऊन फार आहे, तरी विचारतील, कोणाकडून आयकलं?

मी दोघांसाठी चहा सांगितला.

"मले त्याईचा देव नाही पायजे बे," सर म्हणाले. "मले त्याईची शिस्त पायजे. तपासल्याबिगर मानू नका, हे तं आपल्याही घरी सांगतलं हाये ना? मंग?"

ते दोघं चहा पिऊन गेले. जाताना त्यांच्या वर्गणीच्या पावतीतल्या चुका सरांनी लाल पेनानं दुरुस्त करून दिल्या.

बिबट्याचंही तसंच. मागं एकदा गावाबाहेरच्या शेतात बिबट्या दिसल्याची आवई उठली. पाच जणांनी तो 'सोताच्या डोयानं' पाहिला होता. कोणी झाडावरून, कोणी मोटारसायकलवरून, कोणी दूरच्या बांधावरून. बायका शेतात तण निंदायला जाईनात. सर एकेकाला माझ्या दुकानात बोलावून विचारत बसले. कसा होता? पाचही जणांनी सांगितलं, त्याचा डावा कान फाटलेला होता.

"दूरच्या बांधावरून तुले कान दिसला?" सरांनी शेवटच्याला विचारलं. मग सर माझ्याकडे वळून म्हणाले, "एकाच नयाचं पाणी हाये, वैशाली. पाच जण बोलले म्हणजे पाच साक्षीदार नाही होत." खरंच मग मोबाईलवर फिरणारा दुसऱ्याच कुठल्या तरी जिल्ह्याचा व्हिडिओ निघाला, फाटक्या कानासकट. बायका दुसऱ्या दिवशी शेतात गेल्या.

आणि त्यांचा दुसरा नियम. गजानन एकदा स्कूटीवरून पडला आणि सगळीकडे सांगत सुटला की कुत्रं आडवं आलं. सर ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. महिनाभरानं गजाननच्या तोंडून निसटलं की तो गाडी चालवता चालवता मोबाईल बघत होता. "हां," सर म्हणाले, "हे खरं. ज्यात सांगणाराची फजिती हाये ना, ते खरं असते. गोड गोड तं कोणीबी मागून घालते." हेही पाद्रीबाबांचंच. एकाच ओळीचे दोन वेगळे पाठ समोर आले तर जो अवघड, अडचणीचा, तोच बहुतेक मूळचा. कारण सोप्याचं अवघड कोणी करत नाही. अवघडाचं सोपं करतात.

मी हे सगळं ऐकायचे आणि हसायचे. मला काय माहीत, हाच नियम एक दिवस सरांच्याच घरात शिरेल म्हणून.

गेल्या वर्षी विहाराचा नवा हॉल झाला. जुना विहार दगडमातीचा होता, आणि सरांचे वडील किसनबाबा यांनी तरुणपणी दुसऱ्याची बैलगाडी मागून त्याचे दगड वाहिले होते. कमिटीनं ठरवलं की अशा जुन्या लोकांच्या नावाची एकेक काळी फरशी भिंतीत बसवायची. वर नाव आणि खाली एखादी ओळ. मी माळ्याच्या घरची. विहाराशी माझा संबंध टायपिंगपुरता. मजकूर टाईप करून चिखलीच्या फरशी कोरणाऱ्याकडे पाठवायचा, एवढंच.

किसनबाबांची ओळ कोणती, याची चर्चाच नव्हती. ती गावाला पाठ होती. सर बुलढाण्याला होस्टेलमध्ये शिकत असताना किसनबाबा तापानं आजारी पडले. निरोप गेला, सर निघाले, पण पोचेपर्यंत वडील गेले होते. जवळ तिघं होती. सरांची मोठी बहीण गिरजाअक्का, त्यांची अंजनाआत्या आणि शेजारचे नारायणबाबा. तिघांनी सांगितलं की जाता जाता बा म्हणाले, 'दौलतले बलावा. त्याले म्हणा, शिकनं सोडू नको.' दौलत म्हणजे सर. या एका वाक्यावर सर शिकले. बी.ए. झाले, बी.एड. झाले, पुढं एम.ए.सुद्धा केलं, खेड्यातल्या मास्तरला त्याची काही गरज नसताना. दरवर्षी दहावीच्या निरोपाच्या दिवशी ते हे वाक्य वर्गात सांगायचे आणि आम्ही पोरी ढसाढसा रडायचो.

मी टाईप केलं आणि नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं. सर समोर बसून डोळे मिटून ऐकत होते.

"दौलतले बलावा..."

"थांब," सर म्हणाले. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. सरांनी डोळे उघडले आणि स्क्रीनकडे बघत राहिले. मला वाटलं माझीच काहीतरी चूक झाली.

"बा मले दौलत म्हणतच नसे," ते म्हणाले.

मला काही समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. दौलत हे त्यांच्या आजोबांचं नाव. नातवाला आजोबांचं नाव ठेवलं की मग आईबाप त्या नावानं पोराला हाक मारत नाहीत, हे आमच्याकडे कोणालाही माहीत आहे. स्वतःच्या बापाच्या नावानं पोराला 'ए' कसं म्हणणार? त्याला शिव्या कशा देणार? "बा मले बापू म्हणे. मारे तवाबी 'बापू, थांब' म्हणून मारे. दौलत हे नाव त्याच्या तोंडी मी कधी आयकलंच नाही."

"अहो सर, शेवटच्या घडीला माणूस म्हणत असेल," मी म्हणाले.

"म्हणत असंन. पण आत्या? आत्याच्याही बापाचंच नाव ना ते. ती जलमभर मले बापू म्हणे, अन् हे एकच वाक्य सांगताना दौलत म्हणे. अन् नारायणबाबा मले मास्तर म्हणे. तिघं तीन नावानं हाका मारणारे, अन् या वाक्यात तिघाईच्या तोंडी दौलत." सर उठले. "मले दौलत म्हणणारं घरात एकच माणूस हाये, वैशाली. अक्का."

एकाच नळाचं पाणी. ते म्हणाले नाहीत, मीही म्हणाले नाही. ज्या वाक्यावर माणूस सगळं आयुष्य उभा राहिला, ते वाक्य त्याच्याच हातानं सुटं झालं होतं. बापानं शेवटी आपली आठवण काढली की नाही, हे आता त्यांना माहीत नव्हतं. आणि फरशी तर कोरायची होती.

त्यानंतर सर दुकानात येईनासे झाले. हॉटेलच्या बोर्डावर 'मिसळ'चं भलतंच काही लिहून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. लोक मलाच विचारायला लागले, सर बिमार हायेत का? एका सकाळी दारात येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली.

"डोणगावले चाल माह्यासंग. तुही मावशी हाये ना तथी?"

गिरजाअक्का डोणगावला दिलेल्या. आम्ही चिखलीला बस बदलली, मेहकरला बदलली. सर सगळ्या वाटेत तोंडातल्या तोंडात प्रश्नांची उजळणी करत होते. बा कुठं निजला होता? तू उशाशी होती का पायथ्याशी? आत्या आधी आली का मागून? मी म्हटलं, सर, ती तुमची बहीण आहे, गुन्हेगार नाही. ते म्हणाले, पाद्रीबाबाही प्रतीला हेच विचारायचे.

अक्का ओसरीवर बसून लसूण सोलत होत्या. वाकलेल्या, डोळ्यांना कमी दिसतं, पण आवाज खणखणीत. भावाला पाहून अशा हरखल्या की मांडीवरचं लसणाचं सूप कलंडलं. "काऊन बे, इतक्या दिसानं आला? दाढी काऊन वाढोली? खायाले देत नाही का कोणी तुले?" हे त्या सत्तरी गाठलेल्या माणसाला विचारत होत्या. जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वर ठेचा. मग अक्का माझ्याकडे वळल्या आणि कोणी न विचारता सुरू झाल्या.

"हा तवा बुलढान्याले होता, माय. अन् बा घरी अशे हातरुनावर. सारं घर पाहे अन् म्हणे, दौलतले बलावा. त्याले म्हणा, शिकनं सोडू नको. आजबी माह्या कानात हाये." त्यांनी पदरानं डोळे टिपले. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

मी सरांकडे पाहिलं. आता विचारतील, आता विचारतील. सरांनी घास गिळला.

"ठेचा कोणी वाटला?" ते म्हणाले.

"मीच. काऊन?"

"काही नाही. चांगला झाला."

परतीच्या बसमध्ये मी चिडलेच होते. एवढ्या लांब येऊन ठेच्याची चौकशी? "तिचं तोंड पाह्यलं ना तू?" सर म्हणाले. "पाद्रीबाबाच्या समोर कागद होते, बाई. कागद रडत नाही. मले वाटलं होतं मी इचारीन. नाही इचारू शकलो." आणि मग म्हणाले, "इचारलं असतं अन् तिनं खरं सांगतलं असतं, तं मंग माह्याजवय काय राहे?"



मेहकरच्या स्टँडवर चहा पिताना मी विचारलं, मग फरशीवर काय घालायचं? खोटं आहे हे माहीत असताना तेच कोरायचं, की काढून टाकायचं? तेव्हा सरांनी पाद्रीबाबांची एक गोष्ट सांगितली, जी मी आधी ऐकली नव्हती. बायबलमधला एक परिच्छेद लोकांचा फार जीव की प्राण होता. पाद्रीबाबांच्या आईचासुद्धा. आणि पाद्रीबाबांना प्रती ताडता ताडता कळलं की सगळ्यात जुन्या प्रतींत तो नाहीच, मागून कोणीतरी मायाळू माणसानं घातलेला आहे. ते दिवसेंदिवस जेवले नाहीत. ठेवला तर खोटेपणा, काढला तर आईला काय सांगायचं? कुणकुण लागल्यावर गावानं तर त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

"मग? काढला?"

"ना काढला, ना लपोला. बाजूले लिहून ठेवलं, हे कोणत्या प्रतीत हाये अन् कोणत्या प्रतीत नाही. ज्याचं त्याच्या नावावर." सरांनी कप खाली ठेवला. "गावानं तरी शिव्याच देल्या म्हणा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मजकूर सांगितला. पहिल्यासारखाच, पण शेवटी एक ओळ जास्त. मी म्हटलं, सर, दौलतच्या जागी बापू घालू का, म्हणजे कोणाला शंका येणार नाही. ते माझ्यावर असे खेकसले की बाहेरची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "मी खोट्याले खऱ्यासारखं करू? जे जिनं सांगतलं ते तसंच राहू दे."

कमिटीनं थोडी कुरकुर केली, की फरशीवर आपली गावठी बोली बरी दिसत नाही. सरांनी ऐकून घेतलं नाही.

उद्घाटनाला वैशाखाचं ऊन होतं. अक्कांना त्यांच्या नातवानं गाडीतून आणलं होतं. वंदना झाली, भाषणं झाली, खीर वाटली. गर्दी ओसरल्यावर सर अक्कांना हाताला धरून त्या फरशीपाशी घेऊन आले. अक्कांना वाचता येत नाही. सरांनी मला खूण केली, तू वाच.

मी वाचलं. "किसन दौलत सरकटे. यांनी या विहाराचे दगड वाहिले. जाताना म्हणाले, दौलतले बलावा, त्याले म्हणा, शिकनं सोडू नको. असं त्यांची लेक गिरजा सांगते."

अक्का हसत ऐकत होत्या. शेवटची ओळ ऐकली आणि हसू थांबलं. त्यांनी हातानं चाचपडून फरशीवरची अक्षरं शोधली.

"माहं नाव काऊन टाकलं बे?"

"तू सांगतलं म्हणून."

"आत्यानं सांगतलं नाही? नारायणनं सांगतलं नाही?"

"त्याईले तूच सांगतलं होतं ना, अक्का," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. शाळेत आम्हाला एखादा धडा समजला नाही की ज्या आवाजात पुन्हा सांगायचे, तो आवाज होता.

अक्का मटकन पायरीवर बसल्या. मला वाटलं आता रडतील. त्या रडल्या नाहीत, चिडल्या. "मंग काय करू? तू आला अन् दाराबाहीरच बसला. चपलाबी काढल्या नाही. आत याले तयार नाही. मले म्हणे, बा काही म्हणला का माह्यासाठी? लेकराचं तोंड असं झालं होतं. अन् बा काय म्हणला होता? 'शेयीले पाणी दाखोलं का?' बस. इतकंच. मरता मरता शेयीचं इचारलं त्यानं. असं कसं सांगू तुले? मंग म्या बनोलं. आत्याले म्हटलं, नारायणले म्हटलं, तुमीबी असंच सांगा."

शेळी म्हटल्यावर सर अक्कांकडे वळले. "शेयीले?"

"हाव, शेयीले."

"कोणती शेयी?"

"कोणती म्हंजे? एकच तं होती. तुह्यावाली."

सरांच्या घरी तेव्हा एकच शेळी होती, हे त्यांनी मला मागाहून सांगितलं. तिचं दूध घरात कोणी प्यायचं नाही, अक्कासुद्धा नाही. ते सगळं स्टँडवरच्या हॉटेलात जायचं आणि त्यावर बुलढाण्याच्या होस्टेलचं सरांचं जेवण चालायचं. ती आटली असती तर सर परत आले असते, आणि शाळा तिथंच सुटली असती. पण हे सगळं मागाहून. त्या वेळी मला एवढंच दिसलं की सर फरशीशेजारच्या भिंतीला पाठ टेकवून हळूहळू खाली सरकले आणि अक्कांच्या शेजारी पायरीवर बसले. इस्त्रीच्या शर्टाला मागं नव्या रंगाचा पट्टा उमटला. ते रडत होते, उघड उघड, आणि हसतही होते.

"रडते काऊन आता?" अक्का घाबरून म्हणाल्या. "म्हणूनच तं सांगत नव्हती ना मी."

"पाजलं होतं का?" सर म्हणाले.

"काय?"

"पाणी. शेयीले पाजलं होतं का तू?"

"पाजलं ना! बादली आत आणली, शेयी आत आणली. त्याच्या खाटेजवयच पाजलं." अक्कांनी पदरानं भावाचं तोंड पुसलं. "सारी बादली पिऊ देली त्यानं तिले. पाहून घेतलं, अन् मंग डोये मिटले."